मोडलेल्या कॉन्फरन्समध्ये मुलाला पाठवावे का?

प्रश्न : आम्ही गेली एकवीस वर्षे ओरेगन राज्यात बीव्हर्टनला राहतो, मूळ गाव सांगली. धाकटा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून सॉकर खेळायचा. नववीत असताना शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला किकर हवा होता म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. कोर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने निम्म्या फीची स्कॉलरशिप देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरीकडे बिग टेन कॉन्फरन्समधल्या एका मोठ्या, परराज्यातल्या विद्यापीठाने ‘प्रीफर्ड वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे पैसे न देता पण संघात घेण्याचा शब्द देऊन, बोलावले आहे. ऑफिसातले सहकारी म्हणतात की ओरेगन स्टेट संपले, त्यांची पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली, चांगली कॉलेजे निघून गेली, आता तिथे मुलाला घालणे म्हणजे बुडत्या नावेत बसवणे. मुलालाही बिग टेनचे वेड लागले आहे. सांगलीहून आई फोनवर विचारते की हा शिकायला जाणार आहे की चेंडूला लाथ मारायला. मला या खेळातले फारसे कळत नाही. ही कॉन्फरन्स मोडते म्हणजे काय होते, त्याने कॉलेजच्या संघाचे काय बिघडते आणि आम्ही काय करावे? — एक वडील, बीव्हर्टन

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आईंचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे आणि फिरून मला त्याच्याकडेच यावे लागणार आहे. पण आधी ऑफिसातल्या मंडळींचे म्हणणे तपासून पाहू, कारण त्यात बरेच खरे आहे. मात्र जे खरे आहे ते सगळे तुमच्या मुलाला लागू पडतेच असे नाही.

कॉन्फरन्स म्हणजे काही कॉलेजांनी आपापसांत बांधलेली मोट. कोणी कोणाशी आणि केव्हा खेळायचे, पंच कोणी पुरवायचे, दूरचित्रवाणीचे हक्क एकगठ्ठा विकून आलेले पैसे कसे वाटायचे, एवढे तिचे काम. पदवी, प्राध्यापक, प्रयोगशाळा यांच्याशी तिचा काही संबंध नाही. पॅक-१२ ची मुळे १९१५ पर्यंत मागे जातात. त्या वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलंडच्या इम्पीरियल हॉटेलात, म्हणजे तुमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर, पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स या नावाने ती स्थापन झाली. पहिले सभासद चार : कॅलिफोर्निया (बर्कलीचे), वॉशिंग्टन आणि ओरेगन (युजीनचे) ही विद्यापीठे आणि ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज. या चौथ्या कॉलेजचे आजचे नाव ओरेगन स्टेट. म्हणजे ज्याला आज सगळे ‘मागे राहिलेले’ म्हणतात, ते त्या घरातल्या थोरल्यांपैकी आहे. घर सोडून इतर गेले. (कॉन्फरन्सच्या नावांवरून मात्र काही अर्थ लावायला जाऊ नका. बिग टेनमध्ये सध्या अठरा कॉलेजे आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, आणि पॅसिफिक महासागराच्या काठची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही दोन विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात.)

ती मोडली ती हिशेबापायी. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे कोणते सामने दूरचित्रवाणीवर दाखवायचे, हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल देऊन ही मक्तेदारी मोडून काढली. तेव्हापासून हक्क विकण्याचा धंदा हळूहळू कॉन्फरन्सांच्या हाती आला, आणि विकत घेणाऱ्या वाहिन्यांना कॉलेजचे मोठेपण नको असते, त्याच्या मागे किती घरांतले दूरदर्शन संच चालू होतात एवढेच हवे असते. २०२२ च्या जूनअखेरीस लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जात असल्याचे जाहीर केले. दोन महिने उलटायच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. लॉस एंजेलिस हातचे गेल्यावर पॅक-१२ कडे विकायला जे उरले, त्याला तसा भाव येईना. २०२३ च्या जुलैअखेर कोलोरॅडो बाहेर पडले. ऑगस्ट उजाडता कॉन्फरन्सच्या आयुक्तांनी ॲपलचा एक प्रस्ताव पुढे ठेवला, ज्यात वर्गणीदार वाढतील तशी रक्कम वाढणार होती; हमीचा आकडा लहान, आशेचा मोठा. तो कोणाला रुचला नाही. ४ ऑगस्टच्या शुक्रवारी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनीही अटलांटिकचा रस्ता धरला. बारांपैकी दोनच उरली : कोर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही विद्यापीठे लहान गावांतली, मोठ्या शहरांपासून दूर. ओरेगन स्टेटने आदल्याच हंगामात दहा सामने जिंकले होते. पण या व्यवहारात मैदानावरचे काही मोजलेच गेले नाही.

आता तुम्ही विचारलेला मुख्य मुद्दा, संघाचे काय बिघडते. बरेच बिघडते, आणि ते कसे हे ओरेगन स्टेटच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणाच्या उदाहरणावरून दिसणार नाही. तिथल्या रेसर स्टेडियमची पश्चिमेकडची जुनी बाजू २०२२ च्या जानेवारीत सुरुंग लावून पाडली आणि सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून नवी बांधली. ती लोकांसाठी खुली झाली २०२३ च्या हंगामात, म्हणजे ज्या उन्हाळ्यात शेजारपाजार उठून गेला त्याच्या लगेच नंतर. घराचे कर्ज डोक्यावर घ्यावे आणि वास्तुशांतीच्या आठवड्यात नोकरी जावी, तसा हा प्रकार होता. त्याही स्थितीत संघाने तो हंगाम बरा काढला. पण २४ नोव्हेंबरला युजीनमध्ये ओरेगनकडून हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक जोनाथन स्मिथ बिग टेनमधल्या मिशिगन स्टेटला गेले. हे स्मिथ म्हणजे कोणी भाडोत्री माणूस नव्हते; ते याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि याच संघाचे एके काळचे नावाजलेले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारे खेळाडू. कॉन्फरन्स मोडली की पहिला तडा इथे जातो, कारण प्रशिक्षकालाही उद्याचे वेळापत्रक आणि उद्याचा निधी दिसत नसतो.

प्रशिक्षकामागोमाग खेळाडू गेले. पूर्वी कॉलेज बदलले तर खेळाडूला एक वर्ष बसून काढावे लागे. आता अभ्यासात तो पात्र असेल तर ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव नोंदवून कितीही वेळा आणि ताबडतोब दुसरीकडे खेळता येते. ओरेगन स्टेटचा क्वार्टरबॅक फ्लोरिडा स्टेटला गेला, होतकरू राखीव क्वार्टरबॅक प्रशिक्षकांच्या मागे मिशिगन स्टेटला गेला, चेंडू घेऊन धावण्यात अग्रेसर असलेला रनिंग बॅक मायामीला गेला. पुलमनची कहाणी याहून बोलकी आहे : तिथला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. घडवले एकाने, नाव झाले दुसऱ्याचे. ओरेगन स्टेटने २०२४ मध्ये पाच सामने जिंकले आणि २०२५ मध्ये फक्त दोन. त्या हंगामात सलग सात पराभवांनंतर प्रशिक्षकांना मध्येच काढण्यात आले आणि आता पुन्हा नवे प्रशिक्षक आले आहेत. तुमचे सहकारी ‘संपले’ म्हणतात ते या आकड्यांकडे पाहून, आणि आकडे त्यांच्या बाजूचे आहेत हे मी नाकारत नाही.

एक नुकसान आकड्यात मावत नाही. ओरेगन आणि ओरेगन स्टेट यांच्यात १८९४ पासून सामना होतो. दोन्ही गावांत जेमतेम पाऊण तासाचे अंतर. हा सामना नोव्हेंबरच्या शेवटी व्हायचा, हंगामाचा शेवट त्याने व्हायचा, एकाच घरातले दोन भाऊ त्या दिवशी दोन रंगांचे कपडे घालायचे. कॉन्फरन्सा वेगळ्या झाल्यावर नोव्हेंबर बिग टेनच्या सामन्यांसाठी राखावा लागला आणि हा सामना सप्टेंबरात ढकलला गेला. १४ सप्टेंबर २०२४ ला मी कोर्व्हॅलिसला होते. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते. पायाशी घडी घालून ठेवलेला नारिंगी रेनकोट होता, आकाशात ढग नव्हता, तरी त्यांनी तो आणला होता. विचारले तेव्हा म्हणाले की चाळीस वर्षे या सामन्याला रेनकोट घेऊन येतोय, हाताला सवय आहे. ओरेगनने तो सामना ४९-१४ असा जिंकला. आजोबा शेवटपर्यंत बसून राहिले.

पण गेलेले सगळे सुखात आहेत असेही नाही, आणि ही बाजू ऑफिसात कोणी सांगितली नसेल. ओरेगनचे चांगले चालले आहे हे खरे. पहिल्याच वर्षी त्यांनी बिग टेनचे विजेतेपद मिळवले. पण त्यांच्या मागे फिल नाइट आहेत, तुमच्या शेजारच्या नायकी कंपनीचे संस्थापक आणि त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. असा पाठीराखा सगळ्यांना लाभत नाही. तरीही ओरेगन आणि वॉशिंग्टन यांना बिग टेनमध्ये प्रवेश मिळाला तो सुरुवातीला निम्म्याच्या आसपासच्या वाट्यावर. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना अटलांटिकमध्ये पहिली सात वर्षे दूरचित्रवाणीच्या वाट्यापैकी फक्त ३० टक्के मिळणार आहेत. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षे तो वाटा न घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळवला. यूसीएलए गेल्याने बर्कलीचे नुकसान झाले म्हणून विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएला वर्षाला १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा. नेब्रास्काचे उदाहरण जुने आहे. १९९० च्या दशकात तीन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ २०११ मध्ये बिग टेनमध्ये गेला, पैसा पुष्कळ मिळाला, पण त्या कॉन्फरन्सचे विजेतेपद त्याला अजून एकदाही मिळालेले नाही. टेक्ससशी दरवर्षीचा संबंध तुटला आणि तिथली मुले नेब्रास्काकडे येईनाशी झाली, असे पुष्कळ जाणकार मानतात. आणि स्मिथ? मिशिगन स्टेटने त्यांना दोन हंगामांनंतर काढून टाकले.

प्रवासाबद्दलही लोक बोलतात, पण त्यात थोडी गफलत आहे. पश्चिम किनाऱ्यावरून न्यू जर्सीपर्यंत जाणे म्हणजे तीन तासांचा वेळेचा फरक, हे कष्टाचे खरेच. तरी फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा असतो, बहुधा शनिवारी, आणि संघ स्वतंत्र विमानाने जातो. खरी परवड होते ती व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींची, ज्यांना आठवड्याच्या मधल्या वारी उडावे लागते आणि ज्यांच्यासाठी हा व्यवहार कोणी केलेलाच नव्हता. तुमचा मुलगा सॉकरच खेळत राहिला असता तर मी या पत्रात वेगळेच काही लिहिले असते.

तुमचे सहकारी म्हणतात ती नाव खरेच बुडते आहे का, हे ठरवण्यासाठी मागे राहिलेल्या दोन कॉलेजांनी मधल्या काळात काय केले ते पाहा. ती रडत बसली नाहीत, कोर्टात गेली. वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्स नावाच्या छोट्या गावातल्या न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात निर्णय दिला की जाणाऱ्यांना कॉन्फरन्सच्या कारभारात मत नाही; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात त्यात हात घालायला नकार दिला. त्यामुळे कॉन्फरन्सचे नाव, शिल्लक आणि येणी या दोघांच्या हाती राहिली. मग दोघांनी एनसीएएच्या सवलतीवर दोन वर्षे काढली. फुटबॉलच्या या सर्वोच्च विभागात कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात. संख्या घटली तर ती भरून काढायला दोन वर्षांची मुदत मिळते. २०२४ मध्ये माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देऊन त्यांनी सामने मिळवले, म्हणजे अक्षरशः प्रतिस्पर्धी विकत घेतले. २०२५ मध्ये वेळापत्रक भरेना म्हणून ही दोन कॉलेजे एकाच महिन्यात एकमेकांशी दोनदा खेळली. कोर्व्हॅलिसला ओरेगन स्टेट जिंकले, पुलमनला वॉशिंग्टन स्टेट. हसू येण्यासारखे आहे, पण दिवस ढकलणाऱ्या माणसाला हसण्याइतकी फुरसत नसते.

२०२६ च्या जुलैपासून, म्हणजे तुमचा मुलगा कॉलेजात पाऊल ठेवील त्याच वर्षी, नवी पॅक-१२ सुरू होते. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट येत आहेत. बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध असलेले गोन्झागाही येत आहे, पण ते फुटबॉल खेळत नाही. ही जुनी पॅक-१२ नव्हे, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दूरचित्रवाणीचा पैसा जुन्यापेक्षा खूप कमी असेल. पण राष्ट्रीय प्ले-ऑफचा, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या स्पर्धेचा, रस्ता बंद झालेला नाही. २०२४ पासून त्यात बारा संघ खेळतात, आणि त्या पहिल्याच वर्षी बॉइसी स्टेट हे कोणत्याही बड्या कॉन्फरन्समध्ये नसलेले कॉलेज त्यात तिसरे मानांकन घेऊन गेले होते. मागे राहिलेले कॉलेज वर येते का, याला जुना दाखलाही आहे. १९९६ मध्ये टेक्ससमधली साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा टीसीयू, ह्यूस्टन, एसएमयू आणि राइस ही चार कॉलेजे बाहेर राहिली. टीसीयूने तीन कॉन्फरन्सांचे उंबरे झिजवले, २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये पोहोचले आणि २०२२ च्या हंगामात थेट राष्ट्रीय अंतिम सामना खेळले (तिथे जॉर्जियाने त्यांचा ६५-७ असा चुराडा केला, हेही सांगायला हवे). ह्यूस्टनला २७ वर्षे लागली. एसएमयूला २८. राइस अजून बाहेरच आहे. म्हणजे वर येता येते, पण तुमच्या मुलाच्या चार वर्षांत येईल असे मानून निर्णय घेऊ नये.

आता किकरविषयी, कारण इथपर्यंतचे सगळे क्वार्टरबॅकच्या वडिलांनाही सांगता आले असते.

फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून पलीकडे मारणे; तो मारताना लाँग स्नॅपर चेंडू मागे फेकतो, होल्डर तो पकडून उभा धरतो आणि किकर मारतो. या तिघांच्या कामाला मिळून साधारण १.३ सेकंद लागतात, आणि त्याहून फार उशीर झाला तर समोरचा संघ चेंडू अडवतो. हे जमायला पायाची ताकद पुरत नाही. तीच तीन माणसे शेकडो वेळा एकत्र उभी राहावी लागतात. प्रशिक्षक बदलला, स्नॅपर पोर्टलमधून निघून गेला, होल्डर नवा आला, की किकरचा पाय तोच असूनही चेंडू चुकतो आणि दोष त्याच्या माथी येतो. म्हणून कॉन्फरन्समधल्या उलथापालथीचा किकरला बसणारा फटका हा असा आडवळणाने येतो. कोर्व्हॅलिसला गेल्यावर मुलाने ‘आपण बिग टेनमध्ये कधी जाऊ’ हे विचारण्यापेक्षा ‘सध्याचा लाँग स्नॅपर कितव्या वर्षाला आहे’ हे विचारावे. स्पेशल टीमचे, म्हणजे किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकडीचे, काम पाहणारे प्रशिक्षक कोण, ते नव्या मुख्य प्रशिक्षकांनी आणले की आधीपासून आहेत, आणि संघात सध्या किती किकर आहेत, हेही विचारावे. उत्तर देणारा जितका अडखळेल तितके तुम्हाला अधिक कळेल.

बिग टेनच्या प्रस्तावाची मला खरी काळजी वाटते, आणि ती कॉन्फरन्समुळे नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका मोठ्या तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा दर कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याच तडजोडीत स्कॉलरशिपच्या संख्येवरची बंधने गेली आणि त्यांच्या जागी संघातल्या एकूण डोक्यांवर बंधन आले : फुटबॉलमध्ये १०५. पूर्वी मोठे संघ पंधरावीस वॉक-ऑन मुले सहज जास्तीची ठेवत, सरावाला ती उपयोगी पडत, आणि त्यांतला एखादा किकर तिसऱ्या वर्षी अचानक मैदानात उतरून नाव काढत असे. आता प्रत्येक खुर्ची मोजलेली आहे. श्रीमंत संघ अठरा वर्षांचा किकर घडवत बसण्यापेक्षा लहान कॉन्फरन्समध्ये तीन वर्षे नेम सिद्ध केलेला किकर पोर्टलमधून आणू शकतो. तुमच्या मुलाला दिलेला ‘प्रीफर्ड’ हा शब्द कानाला गोड आहे. ती १०५ मधली जागा आहे का, आणि दुसऱ्या वर्षीही असेल का, हे तो शब्द सांगत नाही.

इथे माझा एक अनुभव सांगते. मी बरीच वर्षे एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची अभ्यास-सल्लागार होते; नाव सांगत नाही. एका डिसेंबरात एक वॉक-ऑन लाँग स्नॅपर माझ्या खोलीत येऊन बसला. पुढच्या सत्रापासून स्कॉलरशिप देऊ, असे प्रशिक्षकांनी त्याला सांगितले होते. त्याने फोनवरचा निरोप मला दाखवला : ‘वसंतात तुझे काम करून टाकू’, आणि पुढे वर केलेल्या अंगठ्याचे चिन्ह. त्याच आठवड्यात ते प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजात गेले होते. नव्यांनी येताना आपला स्नॅपर बरोबर आणला. मुलगा मला विचारत होता की हा निरोप आर्थिक मदतीच्या कार्यालयात दाखवला तर चालेल का. चालत नाही. कार्यालयाला विद्यापीठाच्या सहीचा कागद लागतो, आणि तो असला तर प्रशिक्षक गेला तरी कागद राहतो, कारण मदत विद्यापीठ देत असते, प्रशिक्षक नव्हे. त्या मुलाने पुढे पदवी पूर्ण केली; ते सत्र मात्र त्याने रात्री सामानाच्या गोदामात काम करून काढले.

तेव्हा ओरेगन स्टेटकडून आलेल्या प्रस्तावाचे पहिले काम हे करा : निम्मी फी म्हणजे नेमकी कशाच्या निम्मी (राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरला आहे का), किती वर्षांसाठी, आणि दुखापत झाली, कामगिरी घसरली किंवा प्रशिक्षक बदलले तर काय, हे सगळे कागदावर मागा. ही मागणी प्रशिक्षकाकडे तुम्ही करू नका, मुलाला करू द्या. अठरा वर्षांचा मुलगा नम्रपणे विचारतो तेव्हा कोणाला राग येत नाही, आणि वडील विचारतात तेव्हा तिथल्या लोकांना उगीचच वकील दिसू लागतो. चार वर्षांचा स्पष्ट कागद मिळाला तर माझे मत कोर्व्हॅलिसच्या बाजूने आहे. तुम्ही ओरेगनचे रहिवासी असल्याने उरलेली निम्मी फीही राज्यातल्या दराने भरायची आहे. परराज्यातल्या विद्यापीठात पूर्ण फी, तीही बाहेरच्यांच्या दराने, आणि वर संघातल्या जागेची खात्री नाही. मोडक्या कॉन्फरन्समधला संघ कमकुवत असतो, पण त्याच कारणाने तिथे नव्या किकरला लवकर पाय टाकायला मिळतो, आणि दोन वर्षांनी त्याचा नेम चांगला निघाला तर तेच बिग टेन पोर्टलमधून त्याला पैसे देऊन बोलावील. त्याला तिथे खेळायचेच असेल तर हा रस्ता वॉक-ऑनच्या रस्त्यापेक्षा मला अधिक खात्रीचा वाटतो. कागद एकाच वर्षाचा निघाला, तर मात्र फुटबॉल बाजूला ठेवून दोन्ही विद्यापीठांकडे पाहा.

आणि तिथेच तुमच्या आईंचा प्रश्न येतो. मुलाला काय शिकायचे आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कॉन्फरन्स, स्कॉलरशिप, सहकाऱ्यांचे म्हणणे, सगळे लिहिलेत, पण विषय लिहिला नाहीत. अभियांत्रिकी, वनशास्त्र, सागरविज्ञान यांपैकी काही असेल तर ओरेगन स्टेट हे पश्चिम किनाऱ्यावरचे नाव घेण्यासारखे विद्यापीठ आहे. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग १९८४ मध्ये तिथूनच विद्युत अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले, आणि तेव्हाही तिथला फुटबॉल संघ वाईटच खेळत होता. पण मुलाला वेगळेच काही हवे असेल आणि ते त्या दुसऱ्या विद्यापीठात अधिक चांगले असेल, तर वॉक-ऑनचे काय होईल याची चिंता न करता त्याला तिकडे जाऊ द्या, आणि किकिंगला छंद समजा.

बीव्हर्टनहून कोर्व्हॅलिस दीड तासाच्या आत आहे. सामना नसलेल्या एखाद्या साध्या बुधवारी मुलाला घेऊन जा. स्टेडियमच्या नव्या पश्चिम बाजूत विद्यार्थ्यांचे आरोग्य केंद्रही आहे, तिथे मुले सर्दी-खोकल्याचे औषध घ्यायला येतात. पुढच्या बाकावर बसून थोडा वेळ त्यांच्याशी बोला. मग त्याला आवडलेल्या विषयाच्या विभागात एक तास बसा. परतताना गाडीत तुम्ही काही विचारू नका. सेलमच्या अलीकडे तो आपण होऊन बोलू लागला, तर तो कशाबद्दल आधी बोलतो ते मला कळवा.